चिंचघाटची ओ

"वारं फिरलं वो बाई, आलं चिमणीकडून,
घ्या उचलून वाळवण, राख येते मागून!"

आपल्याला आयुष्यातलं सगळ्यात पहिलं काय आठवतं, असं कोणी विचारलं तर करुणाला चेहरा आठवत नसे, घर आठवत नसे. हा आवाज आठवे. मायचा. उंच, लांब, शेवटच्या अक्षराला झोका दिलेला. उन्हाळ्याच्या कलत्या दुपारी तो चिंचघाटच्या पश्चिम टोकाहून निघायचा आणि अंगणाअंगणांतून गावभर फिरायचा.

गावाच्या पश्चिमेला औष्णिक केंद्र होतं. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करत आणि त्या वाफेनं चक्रं फिरवून वीज काढत. चिमणीला गाळण्या होत्या, त्यामुळे धुरातून राख फारशी जात नसे. ती पाण्यात कालवून गावाकडेच्या मोठ्या तळ्यात सोडलेली असायची. पण वैशाखात ते तळं सुकायचं, भेगाळायचं, आणि वारा फिरला की तीच राख उठून घरांवर उतरायची. नेमकी तेव्हाच अंगणातल्या खाटांवर कुरड्या, मुगवड्या, सरगुंडे पसरलेले असत, सगळ्या वर्षाचं खाणं.

निखाड्यांचं, म्हणजे करुणाच्या माहेरचं, घर चिमणीच्या बाजूचं शेवटचं. म्हणून वाऱ्याची चाहूल आधी लागायची ती करुणाच्या मायला, बेबीबाईला. दोरीवरच्या लुगड्याचा पदर गावाकडे फडकायला लागला की ती हातातलं टाकून अंगणात यायची आणि हाक द्यायची. पलीकडून गिरजाबाई म्हणायची, "ओ ऽ!" मग तीच हाक गिरजाबाई पुढच्या घराला द्यायची. या हाकेचा एकच नियम होता आणि तो कुठं लिहिलेला नव्हता. हाक ऐकली की ओ द्यायची. ज्या घरातून ओ आली नाही, त्या घरात शेजारणीनं सरळ शिरायचं. विचारायचं नाही. वाळवण उचलायचं, माठावर झाकणी ठेवायची, आणि आत माणूस कसं आहे ते बघून यायचं.

"ओ नाही आली म्हणजे काहीतरी झालं असं समजजो," माय सांगायची. "ओ द्यायले काय लागते वो? एक श्वास तेवढा लागते."

करुणा मोठी झाली, नागपूरला गेली, लग्न होऊन तिथंच राहिली. एका लॅबसाठी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढून आणायचं, हे तिचं काम. म्हातारी माणसं, बाळंतिणी, पाय मोडून पडलेले. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. पेट्रोलच्या गाड्यांना शहरात बंदी आली त्या वर्षी तिनं लहानशी, पिवळी, विजेवरची गाडी घेतली आणि पहिल्याच रविवारी ती चिंचघाटला नेली.

माय गाडीभोवती फिरली. काचेत स्वतःला पाहून पदर सारखा केला. मग मागे जाऊन वाकली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"काय पाहून राहिली, माय?"

"नळी कुठं आहे वो? धूर कुठून सोडते ही?"

"सोडतच नाही. विजेवर चालते ना."

"सोडतच नाही?" मायनं गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, एखाद्या दुभत्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग घरातून हळद आणून तिथं बोट टेकवलं. "चांगलं झालं बाप्पा. धूर नसलेलं काहीतरी आपल्या घरात आलं."

हळदीचा तो ठिपका करुणानं कित्येक महिने पुसू दिला नाही.

बाबा गेल्यावर मायनं नागपूरला यावं म्हणून करुणानं किती विनवण्या केल्या! माय बधली नाही. तिची एकच अट होती, आणि ती केंद्राशी होती. चिमणी बंद होणार, असं सरकारनं सांगितलं होतं. वीज काढणारे संच जुने झाले, आता सूर्याची वीज आहे, वाऱ्याची आहे, कोळसा कशाला? माय म्हणायची, "एक उन्हाळा मले पाहू दे. हाक न देता, सांज होईपर्यंत कुरड्या अंगणात राहू देईन. पांढऱ्याशुभ्र वाळवीन. मग तुझ्या मागं येते, म्हणशील तिथं."

रोज संध्याकाळी करुणा फोन करायची.

"जेवली का? दम लागते का वो, माय?"

"नाही वो. बरी आहो मी. औंदा बंद होते म्हणतात चिमणी."

मधेच तिकडे खणखण आवाज व्हायचा, स्टीलवर स्टील आपटल्यासारखा.

"काय पडलं?"

"ताटली वो. हातून सुटली."

उन्हाळ्यात मायच्या हातून ताटली फार पडते, असं करुणाला एकदोनदा वाटून गेलं. म्हातारे हात, दुसरं काय. ती दिवाळीला गावी जाई तेव्हा तळं भरलेलं असे, राख पाण्याखाली बसलेली, आणि माय बरी दिसे.

*

करुणाचा नवरा प्रफुल्ल गाड्या चार्ज करणाऱ्या एका कंपनीत होता. एका संध्याकाळी तो खोका घेऊन घरी आला. पार्किंगमधला जुना चार्जर काढून त्यानं नवा बसवला. सगळ्यांनाच बसवायचा होता, नवीन नियमच निघाला होता.

"याचं सरकारी नाव उगमदर्शक," तो हात धुता धुता म्हणाला. "पण आमच्या ऑफिसात सगळे याला ओ म्हणतात. तुमच्या गावची गोष्ट मी सांगितली होती ना तिथं, तेव्हापासून."

"म्हणजे करते काय ही तुझी ओ?"

प्रफुल्लला समजावून सांगायला आवडायचं. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"जत्रेत रथ ओढतात, पाहिलास ना? एक दोर, शंभर माणसं. राज्यातली सगळी वीजकेंद्रं तशी एकाच दोराला लागलेली असतात, एका चालीनं. आता रथावर आणखी एक माणूस चढलं, म्हणजे तू गाडी लावलीस. चाल केसभर मंदावते. ती पुन्हा धरायला जास्तीचा जोर कोण लावणार? जो आधीच जीव खाऊन ओढतोय तो नाही. ज्याच्या अंगात जोर शिल्लक आहे तो. दुपारी तो सूर्य असतो. इतकी वीज होते की कधी कधी घ्यायला कोणी नसतं. पण संध्याकाळी सूर्य दोर सोडून घरी जातो. वारा त्याच्या मर्जीचा. धरणं उन्हाळ्यात अर्धी. साठवणीच्या मोठ्या बॅटऱ्या आल्या त्या आधी मुंबई-पुण्याकडे गेल्या. मग उरतं कोण?"

"कोळसा."

"कोळसा. आजवर आपण सरासरी सांगत होतो. वर्षाची सगळी वीज एकत्र केली तर निम्म्याहून जास्त स्वच्छ, म्हणून गाडीही तेवढी स्वच्छ. खोटं नाही ते. पण तू अमुक वेळेला गाडी लावलीस म्हणून अमुक ठिकाणी किती कोळसा जास्त पडला, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर आजपर्यंत कोणाला देता येत नव्हतं. विजेवर काही नाव लिहिलेलं नसतं."

"आणि आता?"

"आता हा चार्जर वीज ओढताना एका ठेक्यात ओढतो. किंचित कमी, किंचित जास्त, अगदी बारीक. प्रत्येक भागाचा ठेका वेगळा, दारावरची थाप ओळखावी तसा. आणि प्रत्येक केंद्रात कान लावून बसलेली एक पेटी आहे. हजारो गाड्यांची थाप एकदम पडते, तेव्हा कुठल्या तरी केंद्रात वाफेची झडप त्याच ठेक्यात उघडते-मिटते. पेटी ते ओळखते. हाक कोणाची आणि ओ कोणी दिली, जुळवून टाकते."

ती खाली गेली, गाडी लावली. चार्जरच्या पडद्यावर थोडा वेळ एक गोल फिरत राहिला. मग अक्षरं आली.

ओ: चिंचघाट, संच तीन.

खाली आणखी दोन ओळी होत्या. दिवसभराच्या फिरतीसाठी लागणाऱ्या विजेला इतका कोळसा, त्याची इतकी राख. एक टोपलं भरेल एवढी राख. आणि बारीक अक्षरांत, या वेळेला ही गाडी पेट्रोलच्या गाडीहून फारशी स्वच्छ नाही.

करुणा उभीच राहिली. मागून प्रफुल्ल आला. त्यानंही वाचलं.

"अगं, ती राख काही हवेत जात नाही. तळ्यात साठवतात."

"तळं कुठं आहे, ठाऊक आहे ना तुला?"

दोन वेळा तो त्या अंगणात जेवायला बसला होता. त्यानं मान खाली घातली.

*

पहिले काही दिवस सोसायटीत नुसती गंमत चालली.

"काय देशकर, आज कोणी ओ दिली?"

"धरणानं दिली, धरणानं! रात्री उशिरा लावली ना. तुम्हाला?"

"आम्हाला मेलं रोज ते चिंचघाटच."

"वा! आम्ही पाण्यावर चालतो, तुम्ही निखाऱ्यावर."

मग गंमत संपली. नाव रोज समोर येऊ लागलं की माणूस आधी चुकचुकतो, नंतर चिडतो. कोणीतरी म्हणालं, ही लाज आम्हालाच का? कोणी म्हणालं, गाडी घ्या म्हणून सरकारच तर मागे लागलं होतं. चार्जिंगच्या कंपन्यांकडे तक्रारींचा ढीग पडला. पावसाळा सरायच्या आत पडद्यावर एक नवं बटण आलं. 'सरासरी दाखवा.' ते दाबलं की केंद्राचं नाव जायचं आणि हिरवं पान यायचं.

"सुटलो बुवा," तिसऱ्या मजल्यावरचे देशकर म्हणाले. "संध्याकाळी ते नाव वाचलं की घास उतरत नव्हता."

एकेक करून पार्किंगमधल्या सगळ्या पडद्यांवर पानं फुटली. करुणानं बरेच दिवस बटणाला हात लावला नाही. मग एका दमलेल्या संध्याकाळी तिनंही बोट ठेवलं. चिंचघाट गेलं. पान आलं. तिला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटलं हेच तिला रात्रभर बोचत राहिलं.

नागपूरचं आकाश निवळलं होतं, हेही खरं. रक्त काढायला जाई त्या घरांतली दमेकरी पोरं आता खिडक्या उघड्या ठेवून झोपत. त्यांच्या आया तिला चहा देत देत सांगत, "हवा किती बदलली नाही का हो, ताई?" ती "हो ना," म्हणायची. कपातल्या चहाकडे पाहत म्हणायची.

तिनं दुपारी गाडी लावून पाहिली. पान घालवून पाहिलं तेव्हा नाव आलं कुठल्याशा माळरानावरच्या सूर्याचं. तिला एवढा आनंद झाला की ती पार्किंगमध्ये एकटीच हसली. पण दुपारी गाडी उभी, म्हणजे दुपारच्या बाटल्या वेळेत लॅबला पोचेनात. रक्ताला वाट पाहता येत नाही. दोनदा नमुने वाया गेले. एका म्हाताऱ्या आजोबांच्या हातात पुन्हा सुई टोचावी लागली, आणि त्यांनी "असू दे, पोरी" म्हटलं, तेव्हा करुणानं दुपारचा नाद सोडला.

"एकटीनं दुपारी गाडी लावून चिमणी थंड होत नसते, करुणा," प्रफुल्ल म्हणाला.

"आमच्याकडे एकटीनं हाक दिली की गाव उठायचं."

"हे गाव नाही. सगळं शहर संध्याकाळी एकाच वेळी घरी येतं आणि एकाच वेळी गाडी लावतं. दुपारी लावायची तर कामाच्या जागी चार्जर पाहिजेत, साठवण पाहिजे. होईल. पण वेळ लागेल." जेवणाचं ताट त्यानं थोडं दूर सरकवलं. "तुला एक सांगायचंय. चिंचघाट बंद होत नाहीये. मुदत वाढवली. पाच वर्षं."

"कोण म्हणतं?"

"आमच्या ऑफिसात कळलंय. जाहीर करतीलच. कारण लिहिलंय, संध्याकाळची वाढती मागणी." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आपणच ती."

करुणाच्या हातातला घास तसाच राहिला.

"मायला सांगशील?"

"सांगते."

तिनं सांगितलं नाही. रोज संध्याकाळी खाली गाडीला वायर जोडायची, वर येऊन फोन लावायचा. "दम लागते का वो, माय?" "नाही वो, बरी आहो. औंदा नक्की बंद होते म्हणतात." आणि करुणा म्हणायची, "होईल." पाच वर्षं मायला कशी सांगायची? ज्या उन्हाळ्यासाठी ती श्वास धरून बसली होती तो उन्हाळा आम्हीच आमच्या पार्किंगमध्ये लावून ठेवलाय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

*

वैशाखातल्या एका रविवारी तिनं दुपारीच फोन केला. पलीकडे उचलला गेला.

"माय?"

ओ आली नाही.

"माय! ऐकू येते का?"

ताटली वाजली. एकदा, पुन्हा एकदा. पडल्यासारखी नाही, वाजवल्यासारखी. मग काहीतरी घरघरल्यासारखं झालं आणि फोन बंद पडला.

करुणानं दुसऱ्यांदा फोन लावला नाही. लहानपणी जे शिकली होती, ते पायांनी आधी ओळखलं. ओ आली नाही, तर आत जायचं. प्रफुल्ल रविवार असूनही कामावर होता. त्याला निरोप ठेवून तिनं गाडी काढली. चार्ज जेमतेम जाण्यापुरता होता, यायचं तिथं गेल्यावर बघू. रस्ताभर ती उन्हाकडे पाहत होती. किती वीज सांडत होती माळामाळावर! आणि ती परत नागपूरला पोचेपर्यंत हे सगळं मावळणार होतं.

चिमणी बऱ्याच लांबून दिसली. तिच्या डोक्यावरचा धूर सरळ उभा होता. वारा पडलेला होता.

माय अंगणातच होती. खाटेवर पांढरं लुगडं, त्यावर कुरड्यांची नक्षी, आणि शेजारी पाटावर भिंतीला टेकून बसलेली माय. केवढीशी झाली होती! खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याचा खळगा आत-बाहेर होणारा. मांडीवर स्टीलची ताटली आणि पळी.

"तू काहून आली वो अशी?" शब्दाशब्दाला ती थांबत होती.

"तू ओ नाही दिली."

"दिली ना. ताटली..." मायनं जीभ चावली.

कुंपणापलीकडून गिरजाबाईनं डोकं वर काढलं. "काहून लपवतं वो बेबे, पोरीपासून? करुणा, तुले कोणी नाही सांगितलं? दोन उन्हाळे झाले, तुझी माय ताटलीच वाजवते. हाक कुठं निघते तिची? वारं फिरलं की ठणाठणा वाजवते, अन् मग आम्ही समजतो."

"गिरजे, तू चूप बस वो."

"मी काहून चूप बसू? आम्ही तर ओरडून ओ देतो. तू चूप बसतं."

करुणा मायच्या पायाशी बसली. इतक्या दिवसांच्या इतक्या फोनांमधल्या सगळ्या पडलेल्या ताटल्या तिच्या कानात एकदम वाजू लागल्या. इथं राख येत होती, आणि ती तिकडून विचारत होती, काय पडलं?

"म्हातारपण आहे," माय म्हणाली. "आवाज जाते कोणाकोणाचा. बाकी बरी आहो मी. तू चहा घे."

करुणा उठली. परत जायचं तर गाडी भरायला हवी होती. केंद्रानं गावाला चार्जिंगचा खांब भेट दिला होता, मायच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. गावात विजेवरची गाडी एकही नव्हती. खांबावर कोंबड्या बसायच्या. तिनं त्या हुसकल्या, वायर जोडली. पडद्यावर हिरवं पान आलं. ती त्या पानाकडे पाहत राहिली, मग बटण दाबून तिनं ते घालवलं.

ओ: चिंचघाट, संच तीन.

तिनं मान वर केली. ऊन उतरलं होतं. समोर चिमणी. हाक आणि ओ, दोन्ही एका नजरेत मावत होत्या. तिच्या एका गाडीनं त्या धुरात काय वाढणार होतं? डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नाही. धूर तसाच होता.

आणि तेवढ्यात तो वाकला. डोक्यावरून पदर सरकावा तसा, सावकाश, गावाकडे. दोरीवरचं लुगडं फडकलं.

मायनं पळी उचलली. करुणा धावत रस्ता ओलांडून आली आणि तिनं ती पळी मायच्या हातातून काढून घेतली.

"वारं फिरलं वो बाई..."

पहिल्या ओळीला आवाज चिरकला. शहरात कोणी इतक्या मोठ्यानं कोणाला बोलावत नाही. तिनं पुन्हा श्वास भरला. तो तिला भरता येत होता, ह्याचीच तिला लाज वाटली.

"वारं फिरलं वो बाई, आलं चिमणीकडून,
घ्या उचलून वाळवण, राख येते मागून!"

"ओ ऽ!" गिरजाबाई म्हणाली. तिच्या पलीकडून आणखी एक ओ आली, दुरून आणखी एक. मग संपल्या. मधली कितीतरी अंगणं गप्प राहिली. त्या घरांत शिरून बघायला कोणी गेलं नाही, कारण तिथं आता कोणी राहत नव्हतं.

करुणानं खाट आत ओढली. तरीही कडेच्या कुरड्यांवर साय धरावी तशी राख धरली होती. माय उंबऱ्यावर बसून एकेक कुरडई उचलून फुंकू पाहत होती. फुंकर निघत नव्हती. ओठ नुसते गोल होत होते. शेवटी ती पदरानं पुसू लागली.

"औंदाच्या अशा झाल्या," ती म्हणाली. "पुढच्या पांढऱ्या होतील. तोवर चिमणी बंद होते म्हणतात."

करुणा तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. खांबावरच्या पडद्याचा उजेड रस्त्यापलीकडे मिणमिणत होता.

"माय, तू मले विचारलं होतं. गाडी आणली तेव्हा."

"काय?"

"धूर कुठून सोडते ही, म्हणून."

"हौ. तू म्हटली, सोडतच नाही."

"सोडते, माय." करुणानं चिमणीकडे बोट केलं. "तिथून सोडते. संध्याकाळी मी तिकडे नागपूरले गाडी लावली की इकडे ह्या केंद्रात जास्तीचा कोयसा पडते. मशीन सांगते तसं, नाव घेऊन सांगते. मले माहीत होतं. मी नाव पुसून टाकलं, अन् रोज गाडी लावून वर जायची अन् तुले विचारायची, दम लागते का."

 माय कुरडई पुसायची थांबली.

"अन् बंद नाही होत ती. पाच वर्षं वाढवली. आमच्या संध्याकाळसाठी. हेही माहीत होतं मले."

राख उतरत होती, आवाज न करता. माठावर, तुळशीवर, पिवळ्या गाडीवर. मायनं हातातली कुरडई लुगड्यावर परत ठेवली, अगदी नीट, इतर कुरड्यांच्या ओळीत. मग तिनं चिमणीकडे पाहिलं. जिची वाट पाहायची ती गाडी येणार नाही असं कोणी सांगावं आणि माणसानं फलाटावरचं गाठोडं हळूच जवळ ओढावं, तसं तिनं मांडीवरची ताटली जवळ ओढली, आणि मग बाजूला ठेवून दिली.

"पाच," ती म्हणाली.

"हौ, माय."

"तितका नाही पुरत वो."

"काय नाही पुरत?"

मायनं मान हलवली. करुणानं तिचा हात हातात घेतला. राखेनं खरखरीत, थंड हात. मग तिनं रोजचाच प्रश्न विचारला. फोनवर विचारायची तसा नाही. गिरजाबाई एखाद्या गप्प घरात शिरायची, तशी ती त्या प्रश्नात शिरली.

"दम लागते का वो, माय?"

मायचे ओठ 'नाही'साठी उघडले. तसेच उघडे राहिले. आत कुठेतरी श्वास शोधला तिनं, सापडला तेवढा गोळा केला.

"लागते," ती म्हणाली. "लय लागते, करुणा. रात्री आडवं होता येत नाही मले. बसूनच असते. गाडी भरू दे तुझी... मग घेऊन चाल मले."